तुळशीचा काढा आणि मिश्रधातूचा दावा

नॅनोकणांवरच्या शोधनिबंधांची नांदी हल्ली ठरलेली असते. रासायनिक पद्धती महाग आहेत, त्यांत विषारी द्रव्यं लागतात, घातक उपपदार्थ निघतात, पर्यावरणाची हानी होते; सबब प्रस्तुत लेखकांनी अमुक झाडाच्या पानांचा अर्क वापरून सोपी, स्वस्त, निर्धोक, ‘हिरवी’ पद्धत शोधून काढली आहे. पुढच्या निबंधात बदलतं ते फक्त झाडाचं नाव. तुळस झाली, कडुलिंब झाला, कोरफड, शेवगा, पेरू, जांभूळ, पपई झाली. बागेतली झाडं संपली तेव्हा मंडळी बांधावरच्या तणाकडे वळली.

हे सगळं एकट्या चांदीपुरतं चाललं होतं तोवर त्याकडे कौतुकमिश्रित दुर्लक्ष करता येत होतं. आता तोच काढा मिश्रधातूंच्या नॅनोकणांसाठी उकळला जातो आहे. सोनं-चांदी, चांदी-तांबं, लोह-निकेल, म्हणाल ती जोडी. दोन क्षार एका फ्लास्कमध्ये टाकायचे, वरून पानांचा अर्क ओतायचा, रंग बदलला की ‘मिश्रधातू तयार’ असं जाहीर करायचं. 1857 साली मायकेल फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सोन्याची माणकासारखी लाल द्रावणं करून दाखवली. तेव्हापासून रसायनशास्त्रज्ञांनी क्षपण, कणांचा जन्म, त्यांची वाढ, त्यांच्यावरचं आवरण यांचा जो हिशेब मांडत आणला, तो सारा या मताप्रमाणे वाया गेलेला उद्योग ठरतो. जे काम परसातलं पान बसल्या जागी करतं, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? रसायन म्हणजे विष, पान म्हणजे पावित्र्य, विषय संपला.

विषय संपलेला नाही. खरं तर तो नीट सुरूही झालेला नाही.

आधी प्रयोगशाळेत काय घडतं ते पाहावं. दहा ग्रॅम पानं धुवून, चिरून शंभर मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात वीसेक मिनिटं उकळतात. व्हॉटमन नंबर एकच्या कागदातून गाळतात. निघालेला पिवळट काढा एक मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात एकास नऊ या प्रमाणात थेंबथेंब सोडतात. तासाभरात द्रावण तपकिरी होतं. आधीच्या आणि नंतरच्या फ्लास्कचा शेजारी-शेजारी ठेवून फोटो निघतो. यूव्ही-व्हिजिबलच्या आलेखावर 420 ते 450 नॅनोमीटरच्या दरम्यान एक फुगीर शिखर दिसतं. एफटीआयआरमध्ये 3400 च्या आसपास रुंद पट्टा येतो आणि त्यावरून पॉलिफेनॉलांनी क्षपण केल्याचा निष्कर्ष निघतो. तोच पट्टा नमुन्यात राहिलेलं साधं पाणीही देतं, पण त्याला कोण विचारतो? शेवटी पेट्री डिशमध्ये ई. कोलायचे जंतू मेल्याचं स्वच्छ वर्तुळ. हे जंतू नुसत्या सिल्व्हर नायट्रेटनेही मरतात. तो नमुना शेजारी ठेवला होता का, नुसता काढा ठेवला होता का, हे प्रश्न तोंडी परीक्षेत विचारले जातात तेव्हा बहुधा खोलीत शांतता पसरते.

आता त्या ‘रसायनमुक्त’ फ्लास्ककडे पुन्हा बघा. त्यातलं सिल्व्हर नायट्रेट कुठल्या झाडाला लागतं? चांदी नायट्रिक आम्लात विरघळवल्याशिवाय ते मिळत नाही, आणि ती विरघळताना नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे विषारी वायू निघतात. सोन्याचं क्लोराइड हवं तर हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांचं अम्लराज लागतं. हे सगळं कारखान्यात घडतं, तिथून बाटलीत बंद होऊन महाविद्यालयात येतं, आणि मग शेवटच्या पायरीवर तुळशीचं पान टाकून सगळी प्रक्रिया हिरवी ठरते. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते यालाच. व्हर्जिनिया टेकच्या अभ्यासकांनी 2014 मध्ये सोन्याच्या नॅनोकणांच्या अशा ‘हिरव्या’ पद्धतींचा खाणीपासूनचा लेखाजोखा मांडला, तेव्हा ऊर्जेच्या खर्चात सोन्याचाच वाटा सर्वांत मोठा निघाला. म्हणजे ज्या पद्धतीत सोनं कमी वाया जातं, ती पद्धत हिरवी. किती सोनं कणांत उतरलं आणि किती मोरीत गेलं, हा आकडा पानवाल्या निबंधांत शोधून पाहावा. सापडला तर भाग्य.

बरं, ज्या रासायनिक पद्धतींचा एवढा धसका घेतला जातो त्या आहेत तरी कोणत्या? जॉन टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1951 मध्ये रूढ केलेली, आजही जगभर वापरली जाणारी सोन्याच्या कणांची पद्धत घ्या. उकळत्या पाण्यात सोन्याचं क्लोराइड, त्यात सोडियम सायट्रेट. सायट्रेट म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार. रक्तपेढीच्या पिशवीत रक्त गोठू नये म्हणून घालतात तोच. दुसरा लोकप्रिय क्षपणक ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पॉलिव्हिनिल पायरोलिडोन वापरतात, ते जखमेवर लावायच्या बेटाडीनमधलं पोव्हिडोन. उच्च तापमानाच्या पद्धतींत ओलेइक आम्ल लागतं, जे शेंगदाणा तेलात भरपूर असतं. लिंबू पिळलं तर निसर्ग, आणि त्याच आम्लाचा क्षार वजन करून घातला तर विष? हा न्याय कुठला?

घातक रसायनं वापरली जातच नाहीत असं कुणी म्हणत नाही. हायड्राझिन विषारी आहे, आयर्न पेंटाकार्बोनिल तर फारच, टोल्युइनच्या वाफा छातीत घ्यायच्या नसतात. तेवढं मान्य. पण विषारीपणाचा हिशेब द्रव्यागणिक करायचा असतो. आणि तो करायचाच तर मग धोतरा, रुई आणि कण्हेर यांच्या अर्कांतून बनवलेल्या कणांवर ‘निर्धोक’ असा शिक्का मारणाऱ्या निबंधांचं काय करायचं? असे निबंध आहेत आणि ते छापून आलेले आहेत. धोतऱ्याची पानं खाऊन दवाखान्यात पोचलेल्या माणसाच्या नातेवाइकांना ती निर्धोक असल्याचं कुणी सांगून पाहावं.

मात्र या सगळ्या वरवरच्या गोष्टी झाल्या. पानवाद्यांची खरी पंचाईत मिश्रधातूपाशी होते.

मिश्रधातूचा नॅनोकण म्हणजे दोन धातूंचे अणू एकाच कणात, एकाच स्फटिकात मिसळलेले. अडचण अशी की प्रत्येक धातूची आयनावस्थेतून धातूरूपात उतरायची तयारी वेगळी असते. क्लोराइडच्या रूपातल्या सोन्याची क्षपण क्षमता सुमारे 1.00 व्होल्ट, चांदीची 0.80, तांब्याची 0.34, निकेलची उणे 0.26, लोहाची उणे 0.44. तांदूळ आणि हरभरे एकाच पातेल्यात एकाच वेळी टाकले म्हणून ते एकाच वेळी शिजत नाहीत. मंद क्षपणक घातला की सोनं आधी उतरतं, त्याचे गाभे तयार होतात आणि मागून येणारी चांदी त्यांच्यावर साल बनून बसते. याला गाभा-कवच रचना म्हणतात. ती उपयोगी असते, सुंदर असते, पण मिश्रधातू नसते.

हे पुण्यात फार पूर्वी दाखवून झालेलं आहे, आणि तेही पानांच्याच प्रयोगात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने 2004 मध्ये कडुलिंबाच्या पानांच्या अर्कातून सोनं आणि चांदी एकदम उतरवली. हाती काय आलं? सोन्याचा गाभा आणि चांदीचं कवच. त्यांनी तसंच लिहिलं, शीर्षकातच लिहिलं. 2005 मध्ये त्याच प्रयोगशाळेतून फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीच्या साहाय्याने सोनं-चांदीचा खरा मिश्रधातू मिळाल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हा बुरशीने बाहेर टाकलेल्या एनएडीएचच्या प्रमाणाशी मिश्रधातूच्या घटकांचा संबंध जोडून दाखवला होता. म्हणजे ज्यांनी ही वाट पाडली त्यांना क्षपण कोण करतं आणि किती करतं याची चौकशी करायची होती. त्यांच्या मागून आलेल्या दिंडीने काढा तेवढा उचलला आणि चौकशी वाटेत टाकून दिली.

पुढची अडचण अकरावीच्या पुस्तकातली आहे. सोन्याच्या क्लोराइडमध्ये एका सोन्यामागे चार क्लोराइड असतात, आणि क्लोराइडला चांदी भेटली की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बसतो. दोन्ही क्षार एक मिलिमोलर घेतले आणि ते चारही क्लोराइड मोकळे झाले, तर आयनांचा गुणाकार साका बसण्याच्या मर्यादेच्या वीस हजार पटींहून जास्त भरतो. शिवाय पानांच्या अर्कात स्वतःचं क्लोराइड असतंच. म्हणूनच हिरव्या पद्धतीच्या निबंधांतल्या एक्सआरडी आलेखांवर 27.8, 32.2 आणि 46.2 अंशांवर सिल्व्हर क्लोराइडच्या रेषा उभ्या दिसतात. त्यांच्यावर कधी ‘जैविक स्फटिक’ अशी चिठ्ठी लावलेली असते, कधी काहीच लिहिलेलं नसतं.

मग मिश्रधातू झाल्याचा पुरावा कोणता देतात? तोच एक्सआरडी. सोन्याच्या स्फटिकजालाचं माप 4.078 अँगस्ट्रॉम, चांदीचं 4.086. फरक दोन दशांश टक्के. नॅनोकणांच्या रुंद, पसरट शिखरांत हा फरक दिसणं शक्य नाही. सोनं वेगळं, चांदी वेगळी असली तरी आलेख तसाच येईल. सोनं-चांदीच्या बाबतीत एक्सआरडीवरून मिश्रधातू सिद्ध करणं म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

जॉर्जिया टेकमध्ये लिंक, वांग आणि एल-सईद यांनी 1999 मध्ये हे काम कसं केलं ते पाहण्यासारखं आहे. त्यांनी ‘विषारी’ सायट्रेटनेच दोन्ही धातूंचं एकत्र क्षपण केलं. सोनं आणि चांदीचे कण नुसते एकत्र मिसळले तर प्रकाशशोषणाची दोन शिखरं दिसतात, एक 400 च्या आसपास आणि एक 520 च्या आसपास. त्यांच्या कणांना मात्र एकच शिखर होतं, आणि सोन्याचा वाटा वाढवत नेला तसं ते सरळ रेषेत सरकत गेलं. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. पातळ कवचही कधीकधी एकाच शिखराचा भास निर्माण करतं, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली कण एकसंध आहेत का तेही तपासलं. प्रमाण बदललं की गुणधर्म ठरल्याप्रमाणे बदलतो, हे दाखवता आलं तर मिश्रधातू म्हणायचं. ज्या काढ्यात क्षपणक कोणता आणि किती आहे हेच ठाऊक नाही, तिथे प्रमाण कशाचं बदलणार? चैत्रातल्या तुळशीत जे असतं ते भाद्रपदातल्या तुळशीत तेवढंच असतं का? कोकणातल्या जमिनीत आणि लातूरच्या जमिनीत? पान कोवळं घेतलं की जून? वैद्यांनाही या प्रश्नांची जाण होती. वनस्पती कधी खुडावी याचे त्यांचे नियम होते.

लोहाची गोष्ट तर आणखी गमतीची. चहाच्या किंवा निलगिरीच्या पानांचा अर्क लोहाच्या क्षारात ओतला की द्रावण क्षणात काळं होतं आणि ‘शून्यसंयुजी लोहाचे नॅनोकण’ तयार झाल्याचं जाहीर होतं. त्यात निकेलचा क्षार घातला की लोह-निकेल मिश्रधातू! पण लोहाची क्षपण क्षमता उणे 0.44 व्होल्ट आहे. पानांतल्या पॉलिफेनॉलांत त्याला धातूरूपात खाली ओढण्याइतकी ताकद नसते. मग काळं काय होतं? महाराष्ट्रात बखरी आणि पोथ्या लिहिणाऱ्यांना ते ठाऊक होतं. हिरडा आणि हिराकस एकत्र केले की काळी शाई होते. टॅनिन आणि लोह यांचं ते संयुग. निलगिरीच्या पानांवर काम करणाऱ्यांनी 2013 मध्ये हे कण लोह आणि पॉलिफेनॉलांच्या संयुगाचे असल्याचं प्रसिद्धही केलं. तरी शाईला धातू म्हणण्याची प्रथा बंद पडलेली नाही.

आता मिश्रधातूचे नॅनोकण ज्यांना खरोखर लागतात त्यांच्याकडे वळू. टोयोटाची मिराई ही हायड्रोजनवर चालणारी मोटार डिसेंबर 2014 मध्ये जपानमध्ये विक्रीला आली. तिच्या इंधनघटाच्या कॅथोडवर प्लॅटिनम-कोबाल्टच्या मिश्रधातूचा उत्प्रेरक आहे. नुसतं प्लॅटिनम महाग पडतं, आणि कोबाल्ट किंवा निकेल घातल्याने ऑक्सिजनवरचं त्याचं काम सुधारतंही. 2007 मध्ये स्टॅमेन्कोविच यांच्या गटाने दाखवलं की प्लॅटिनम आणि निकेल तीनास एक प्रमाणात असलेल्या एका विशिष्ट स्फटिकपृष्ठावर ही अभिक्रिया त्याच पृष्ठाच्या शुद्ध प्लॅटिनमपेक्षा दहापट वेगाने होते. 2014 मध्ये बर्कलीच्या पेइडोंग यांग यांच्यासह त्यांनी याच मिश्रधातूच्या पोकळ चौकटी केल्या. ओलेइलअमाइनमध्ये निकेल जास्त असलेले बहुफलकी कण आधी घडवायचे, मग ऑक्सिजनकरवी आतलं जादा निकेल झिजवून फक्त कडा उभ्या ठेवायच्या. बाजारातल्या उत्तम प्लॅटिनम उत्प्रेरकाच्या तुलनेत, तेवढ्याच वजनामागे 36 पट काम. कोणत्या कडेला कोणता अणू बसेल इथवर ज्यांची पकड पोचली आहे, त्यांना ‘दोन क्षार आणि एक काढा’ शिकवायचा का?

आयबीएममधल्या शोउहेंग सन आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये लोह-प्लॅटिनमचे कण केले ती कृतीही बघावी. प्लॅटिनमचं क्षपण एका डायॉलने होतं. लोह मात्र क्षपणाने येत नाही, आयर्न पेंटाकार्बोनिल उष्णतेने फुटून येतं. दोघांच्या वाटा वेगळ्या, म्हणून वेळ जुळवता येते. अर्धा मिलिमोल प्लॅटिनमच्या क्षाराला एक मिलिमोल, म्हणजे दुप्पट पेंटाकार्बोनिल घेतलं, तरी कणात लोहाचे अणू निघाले शंभरात 52. उरलेल्या लोहाचं काय होतं याचाही विचार केलेला. पुढे तापवून कणांची चुंबकीय रचना बदलायची. आणि ज्या विषारी पेंटाकार्बोनिलवर बोट ठेवलं जातं, त्याच्या जागी नंतरच्या पद्धतींत लोहाचं ॲसिटिलॲसिटोनेट आलं. ही खरी हिरवाई. ती आणली कुणी? अभिक्रिया कशी घडते हे ठाऊक असलेल्या रसायनशास्त्रज्ञांनी.

‘कठोर’ क्षपणकांबद्दलची तक्रारही याच अज्ञानातून येते. सोनं आणि प्लॅटिनम मोठ्या तुकड्यात बऱ्याच प्रमाणांत एकमेकांत विरघळत नाहीत. त्यांना एका कणात आणायचं तर वेगळं होण्याची उसंत न देता दोघांनाही एकदम खाली आणावं लागतं. सोडियम बोरोहायड्राइड ते करतं आणि काम झाल्यावर मागे बोरेट ठेवतं. तिथे मंद काढा घालणं हा अहिंसेचा नव्हे, अकार्यक्षमतेचा नमुना आहे.

स्वस्ताईचा हिशेब एका पाटीवर मावतो. एक मिलिमोलर द्रावणाच्या लिटरमध्ये चांदी असते 108 मिलिग्रॅम. किलोभर चांदीचे कण हवेत तर, एकही अणू वाया जात नाही असं धरूनही, सव्वानऊ हजार लिटर द्रावण लागेल. एकास नऊ प्रमाणाने हजार लिटरवर काढा. त्यासाठी शंभर किलोच्या वर पानं, ती उकळायला इंधन, आणि शेवटी चांदीचे आयन मिसळलेलं दहा हजार लिटर टॅनिनचं पाणी. ते कुठे ओतायचं? सायट्रेटची पद्धतही पातळ द्रावणाची आहे हे खरं. पण रसायनशास्त्र तिथे थांबलं नाही. इथिलीन ग्लायकॉल वापरणाऱ्या पॉलिओल पद्धतीत शंभरपट दाट द्रावणं सहज चालतात. शिवाय ग्लायकॉल तिथे द्रावकही असतो आणि क्षपणकही.

पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी 1998 मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं मांडली. पहिलं तत्त्व कचरा निर्माणच होऊ न देण्याचं. दुसरं, घातलेले अणू जास्तीत जास्त उत्पादनात उतरावेत याचं. पुनर्निर्मित होणारा कच्चा माल सातव्या क्रमांकावर आहे, आणि त्याने आधीच्या सहांना रजा मिळते असं कुठेही म्हटलेलं नाही. पानवाद्यांनी सातवं तत्त्व घेतलं, बाकी अकरा ठेवून दिली.

पानांच्या अर्कावर संशोधन होऊच नये का? खुशाल व्हावं, कोणता रेणू क्षपण करतो हे शोधायला ते व्हावं. तो रेणू सापडला की त्याचं वजन करता येतं, प्रमाण ठरवता येतं, दुसऱ्याला तो प्रयोग पुन्हा करता येतो. आणि त्या क्षणी ती पद्धत रासायनिकच झालेली असते. किंबहुना ती पहिल्यापासून रासायनिकच होती. नायट्रिक आम्लापासून टॅनिनपर्यंत त्या फ्लास्कमध्ये दुसरं काही घडतच नव्हतं.

तेव्हा मार्गदर्शकांनी एवढं करावं. विद्यार्थ्याच्या तुळशीच्या फ्लास्कशेजारी सायट्रेटचा एक फ्लास्क, नुसत्या काढ्याचा एक आणि नुसत्या क्षाराचा एक ठेवायला लावावा. किती धातू घातला आणि किती कणांत उतरला हे वजनाने लिहायला लावावं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकेका कणातल्या दोन्ही धातूंचं प्रमाण मोजून येत नाही तोवर शीर्षकातून ‘मिश्रधातू’ हा शब्द खोडावा, आणि ‘विषारी रासायनिक पद्धती’ ही नांदी, विष कोणतं ते नाव घेऊन सांगता येत नसेल तर, पहिल्या मसुद्यातच कापून टाकावी.